आईला लावलेलं बिल

त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. बाजारात सगळे त्याला बिलोबा म्हणत. हे दैवत प्रसन्न झालं तरी बिल देतं आणि कोपलं तरी बिलच देतं, असं समोरचा हार्डवेअरवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. बिलोबाच्या कानावर ते गेलं तेव्हा त्याला राग आला नाही. उलट बरंच वाटलं. निदान गिऱ्हाईक तयारीनिशी येईल.

लोकांच्या खोल्या उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम ठेवणं हा त्याचा धंदा. भिंतीवरचा एसी, बाल्कनीत टांगलेलं त्याचं बाहेरचं युनिट, मधल्या तांब्याच्या नळ्या, एवढ्यात त्याचं जग मावायचं. हात चांगला होता, पण शहरभर नाव झालं ते हातामुळे नाही, बिलामुळे. बाकीचे मेकॅनिक ‘दुरुस्ती’ असा एक शब्द आणि त्यापुढे आकडा लिहून मोकळे होत. बिलोबाच्या बिलात घरी येण्याचे वेगळे, बिघाड शोधण्याचे वेगळे, तो दूर करण्याचे वेगळे. शिडी लावली तर शिडीचे. कठड्याबाहेर वाकावं लागलं तर ‘जोखीम’ अशी एक ओळ. एका बाईने त्याला दारात उभं ठेवून फोनवर गप्पा संपवल्या, तर तिला ‘प्रतीक्षा’ या नावाखाली पैसे लागले. बिलं टाइप करायची त्याची बायको. तो पाठीमागे उभा राहून सांगायचा आणि ती मान न वळवता बडवत जायची.

एकदा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने एसी बंद पडला म्हणून सकाळी फोन केला आणि बिलोबा पोहोचेपर्यंत तो बिचारा वारला. घरात माणसं जमलेली, रडारड चाललेली. बिलोबा जिन्यातूनच परत फिरला आणि पुढच्या आठवड्यात मेलेल्या माणसाच्या नावाने व्हिजिट चार्जचं बिल गेलं.

“अहो, माणूस गेलाय तिथला,” बायको म्हणाली.

“बोलावलं होतं, मी गेलो होतो,” तो म्हणाला. “ते थांबले नाहीत, त्याला मी काय करू?”

म्हाताऱ्याच्या मुलाने मुकाट्याने पैसे पाठवले. लोक देतातच, हे बिलोबाला चांगलं ठाऊक होतं. कागदावर ओळ छापून आली की माणूस वाद घालायला लाजतो.

ही विद्या त्याला कुणा मालकाने शिकवली नव्हती. ती त्याच्या आईची.

आई शिवणकाम करायची. नवरा लवकर गेला, पदरात दोन मुलगे, आणि दारात येणारी बायका-माणसं अशी की झंपर अंगात घालून बघायचा आणि मग म्हणायचं, जरा ढगळच झालाय, थोडे कमी घ्या. आईने वर्षानुवर्षं असले घाव सोसले आणि मग एक दिवस सोसायचं बंद केलं. पैसे हातात पडल्याशिवाय ती शेवटचं बटण लावत नसे. बटणाचा डबा मांडीखाली घेऊन बसायची. जीभ तर अशी, की गिऱ्हाईक बटणाचे पैसे देऊन वर माफी मागून जायचं.

धाकटा, म्हणजे आपला बिलोबा, शाळा सोडून एका मोठ्या दुकानात एसीचं काम शिकायला लागला. पगार झाला की पाकीट जसंच्या तसं आईच्या हातात. तिने ते कपाटात ठेवायचं, हा घरातला रिवाज. थोरला, म्हणजे दादा, शिकत होता, त्याला पाकीट नव्हतंच. बिलोबाने असा बराच काळ काढला. मग बाजारात एक गाळा रिकामा झाला आणि तो आईपुढे जाऊन उभा राहिला.

“आई, माझे जमलेले दे. गाळा बघितलाय.”

तिने मशीन थांबवलं नाही. “कसले जमलेले?”

“माझा पगार. तुझ्याकडे ठेवलेला.”

“बरं, बघू,” ती म्हणाली आणि पायाखालची फळी हलवत हलवत हिशोब करू लागली. “दोन वेळचं जेवण धर. झोपायला खोली होती, तिचं भाडं धर. कपडे कोण धुवत होतं? ते धर. दुकानात तुझ्या हातून शिडी पडून काच फुटली, ती कुणी भरली? ती धर. आजारपणात उशाशी बसले, ते नाही धरत. आई आहे म्हणून.” तिने दोरा दाताने तोडला. “झाली फिट्टंफाट. उलट थोडं माझंच निघेल, पण जाऊ दे.”

त्याला वाटलं, ती चेष्टा करतेय. तो हसलाही. त्याच महिन्यात दादाच्या फ्लॅटचा पहिला हप्ता भरला गेला आणि आई त्याच्याबरोबर तिथे राहायला गेली. बिलोबाने हत्यारांची पेटी उचलली. उसनवारी करून, त्या उसनवारीवर व्याज भरून, शेवटी दुकान टाकलं. लग्न केलं तेव्हा आईला निरोप धाडला. ती आली नाही. नंतर कळलं की त्या दिवशी तिला कुठलंसं शिवण द्यायचं होतं.

मध्ये पुष्कळ वर्षं गेली. दादा नोकरीसाठी परदेशी गेला, वहिनीला आणि पोरांना घेऊन गेला, आणि आई त्या फ्लॅटमध्ये एकटी राहिली. बिलोबाला हे माहीत होतं. त्या रस्त्याने जायची वेळ आली की तो गाडी पलीकडच्या गल्लीतून काढायचा.

मग एका थंडीत दुकानाचा फोन वाजला. बायकोने उचलला.

“तक्रार नोंदवायची आहे,” पलीकडून म्हातारा, खणखणीत आवाज आला. “एसी गरम हवा देत नाही. पत्ता लिहून घ्या.”

बायकोने पत्ता लिहिला आणि लिहितालिहिताच तिला समजलं. तिने कागद नवऱ्यापुढे सरकवला. त्याने तो वाचला. मग म्हणाला, “दुपारनंतरची वेळ दे.”

दार आईने उघडलं. ती आक्रसली होती, पण पाठ ताठ होती. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“बूट बाहेर काढा,” ती म्हणाली.

काढा! जिने त्याचं नाक पुसलं होतं, कान उपटले होते, ती त्याला अहो-जाहो करत होती. पण बिलोबाही तिचाच मुलगा.

“मशीन कुठे आहे, बाई?” त्याने विचारलं.

‘बाई’ ऐकून आईची पापणीसुद्धा हलली नाही. तिने बोट दाखवलं आणि खुर्ची ओढून त्याच्या हातावर नजर ठेवून बसली. बाहेरच्या युनिटचा कपॅसिटर गेला होता. बारकं काम. त्याने नवा बसवला, मशीन चालू केलं, आणि उबदार हवेचा पहिला झोत आला तेव्हा आईने नकळत दोन्ही हात पुढे केले. मग तो बघतोय हे लक्षात येऊन मागे घेतले.

बिल दुसऱ्या दिवशी गेलं, पूर्ण, सगळ्या ओळींनिशी. तासाभरात फोन.

“शिडीचे कसले? शिडी माझी होती.”

बिलोबाने रिसिव्हर स्वतः घेतला. “बरोबर. कापतो.”

“आणि जोखीम म्हणजे काय? बाल्कनीला माझ्या पैशाने जाळी आहे. पडणार कुठे होतात?”

“तीही कापतो.”

“अशी बिलं लावता म्हणून माणसं शिव्या देतात तुम्हाला,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

उरलेले पैसे तिने वॉचमनच्या हाती पाठवले. सुट्टे, नीट मोजलेले. बिलोबा त्या दिवशी विलक्षण खुशीत होता. इतक्या वर्षांत त्याचं बिल कुणी असं वाचलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात परत तक्रार आली. या वेळी मशीनच्या आतल्या जाळीत धूळ बसली होती. त्यानंतर मशीन आवाज करतं म्हणून बोलावलं, तर कसलाही आवाज नव्हता. त्याने ‘तपासणी, दोष आढळला नाही’ असं बिल केलं. त्यानंतर रिमोट चालेना. आतले सेल उलटे घातलेले होते. हे कुणी केलं असेल, हे ओळखायला काही डोकं लागत नव्हतं. त्या घरात दुसरं कुणी राहतच नव्हतं. बिलोबाने सेल सरळ केले आणि खिशातून पेन काढलं.

“दोष शोधण्याचे लावणार का?” आईने विचारलं.

“शोधला तर लावणारच.”

“एवढं सोपं होतं तर दोष कसला?”

“सोपं होतं तर तुम्हीच नाही का सरळ केलेत, बाई?”

 तो बूट घालत असताना ती मागून म्हणाली, “बारीक झालात. बायको जेवायला घालत नाही वाटतं.” त्याने लेस बांधली आणि उतरून गेला. त्या दिवशीच्या बिलात मात्र त्याने एक पैसा कमी केला नाही.

घरी बायको म्हणाली, “अहो, त्यांना तुम्हाला बघायचं असतं. कळत कसं नाही?”

“कळतं की.”

“मग पैसे कसले घेता?”

“बघायचे.”

बायकोला ते सहन होईना. पुढच्या बिलात तिने त्याला न विचारता खाली ‘विशेष सवलत’ अशी ओळ घातली आणि अर्धे पैसे उडवले. तिला वाटलं, म्हातारी समजेल, काहीतरी सैल होईल. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला.

“ही सवलत कुणी दिली?”

“मी दिली, आई,” ती गडबडून म्हणाली. “मी तुमची सून.”

“माझी सून परदेशात आहे. तुम्ही दुकानातल्या ना? मी काय दारात हात पसरून उभी होते? पूर्ण बिल पाठवा. आणि पुन्हा मला भीक घालायची हिंमत करू नका.”

बायको रिसिव्हर हातात धरून बसून राहिली. बिलोबाने तिच्याकडे बघितलं आणि त्याला हसू फुटलं. ते हसू तिने त्याला कधीच माफ केलं नाही.

इथवर दोघांची बरोबरी होती आणि कदाचित दोघांनाही हा खेळ असाच चालायला हवा होता. पण थंडी ऐन भरात असताना आईच्या मशीनचा कंट्रोल बोर्ड खरोखरच जळाला. महागडा पार्ट. त्याने नवा आणून बसवला. बिल गेलं. आईने अर्धे पैसे पाठवले आणि निरोप दिला की जुना बोर्ड माझ्या मालकीचा होता, तो विकून तुम्ही खाल्ला असणार, त्याचे कापून घेतले आहेत. बिलोबाने जळका बोर्ड वॉचमनकडे परत पाठवला. तिने तो घेतला आणि पैसे तरीही दिले नाहीत. वर इमारतीच्या कमिटीपुढे जाऊन सांगून आली की हा मेकॅनिक चालू मशीन बिघडवतो आणि मग दुरुस्तीचे उकळतो.

आईकडे येणंजाणं सुरू झाल्यापासून त्या इमारतीतल्या बाकी सगळ्या घरांची वार्षिक देखभाल बिलोबाकडे आली होती. ते कंत्राट आता त्याच्या धंद्याचा कणा होतं. सेक्रेटरीने त्याला बोलावून घेतलं.

“तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही हो,” सेक्रेटरी म्हणाले. “पण खुद्द तुमच्या मातोश्रीच असं म्हणतायत म्हटल्यावर आम्ही काय समजायचं?”

“आई आहे, हे सांगितलं का तिने?”

“तेच तर. म्हणाल्या, माझा मुलगा आहे म्हणून सांगते, विश्वास ठेवू नका.”

इतक्या महिन्यांत तिने त्याला मुलगा म्हटलं ते एवढ्या एकाच ठिकाणी.

कंत्राट गेलं. बिलोबा ऑफिसातून खाली आला, गाडीतून पेटी काढली आणि थेट वर चढला. आईने दार उघडलं. या वेळी त्याने बूट काढले नाहीत.

“बोर्डचे अर्धे पैसे बाकी आहेत,” तो म्हणाला. “देता का?”

“नाही देत.”

“मग पार्ट माझा आहे.”

“न्या,” ती म्हणाली.

तिला वाटलं असेल, नेणार नाही. ती शाल गुंडाळून खुर्चीत बसली आणि नेहमीसारखी त्याच्या हातांकडे बघत राहिली. त्याने झाकण उघडलं. एकेक वायर सोडवली, टोकांना टेप गुंडाळला. रागातसुद्धा हात गबाळेपणा करेनात. बोर्ड बाहेर काढला. झाकण लावलं, चारी स्क्रू पिळले. खोलीतली ऊब अजून होती, ती थोड्या वेळात जाणार हे दोघांनाही माहीत होतं.

“स्क्रू जरा जास्तच घट्ट बसवलात,” आई म्हणाली. “पुढच्या माणसाला त्रास होईल.”

तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, “लिही. पार्ट काढण्याची मजुरी.”

तिने हात मांडीवर ठेवले. “हे बिल मी करणार नाही.”

“का?”

“बाहेर बघा किती थंडी आहे.”

“थंडी आहे म्हणूनच धंदा आहे. लिही.”

“नाही.”

त्याने स्वतः हाताने लिहिलं आणि आईच्या दाराखालून सरकवून आला. दुसऱ्या दिवशी तोच कागद वॉचमनकडून परत आला. त्यावर आडवी रेघ मारून एकच शब्द लिहिला होता: नामंजूर.

त्या आठवड्यात पारा उतरतच गेला. नळातलं पाणी बोटांना चावायचं. गाडीच्या काचा सकाळी खरवडाव्या लागायच्या. बिलोबा रोज उठून आधी थंडी किती आहे ते बघायचा आणि मग चवीने न्याहारी करायचा. थंडी वाढली तशी त्याची भूक वाढली. गिऱ्हाइकांच्या घरी काम करताना तो मध्येच फोन काढून बघायचा. ती फोन करेल. ‘तक्रार नोंदवायची आहे’ म्हणेल. तेवढं म्हटलं की तो जाणार होता. बोर्ड गाडीत, त्याच्या सीटशेजारीच होता. पण तिने म्हणायला हवं होतं.

ती म्हणाली नाही. शेजारणीने रूम हीटर देऊ केला, तो तिने घेतला नाही. वापरल्याचे पैसे किती घ्यायचे हे शेजारणीला सांगता येईना, म्हणून. शेवटी शेजारणीलाच ती स्वयंपाकघरात जमिनीवर सापडली. ओठ निळे, छातीत घरघर. न्यूमोनिया, डॉक्टर म्हणाले.

निरोप आला तेव्हा बिलोबा कुणाच्या तरी बाल्कनीत लोंबकळत होता. काम अर्धं टाकून तो इस्पितळात गेला. कपड्याला काळे डाग, हातात पेटी. आई शेवटच्या खाटेवर होती. नाकाला नळी. डोळे उघडे. चांगले जागे, चांगले धारदार.

नर्सने त्याला अडवलं. “पेशंटचे कोण तुम्ही?”

तो तोंड उघडणार तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

“आमचे एसीवाले आहेत.”

“अच्छा!” नर्सचा चेहरा खुलला. “देवासारखे आलात बघा. हा आमचा वॉर्डातला एसी कधीचा गळतोय. जरा बघता?”

बिलोबाने खाटेकडे बघितलं. आई वाट बघत होती, तो काय म्हणतो त्याची. मी मुलगा आहे, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण त्याने पेटी खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि वर चढला. पाणी जायची नळी चोंदली होती. ती सोडवून त्याने तोंडाने फुंकली. काळपट घाण बादलीत पडली आणि गळती थांबली.

“किती द्यायचे?” नर्सने विचारलं.

“राहू द्या,” तो म्हणाला. “काही नकोत.”

आईने मान वळवली आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, “बघितलंत? परक्यांना फुकट.”

ती बाई हसली. तिला वाटलं, काहीतरी गंमत चाललीय.

आई वाचली. दादा विमानाने आला, दुसऱ्या दुकानातून नवं कोरं मशीन बसवून घेतलं, धाकट्या भावाला फोनवर ‘राक्षस’ म्हणाला आणि रजा संपली म्हणून परत गेला. बातमी बाजारात पसरली. हार्डवेअरवाल्याने विनोद करणं सोडलं. बिलोबाला वाटलं, आता दुकान बसणार. झालं भलतंच. ज्यांची जुनी बाकी होती ते आपणहून येऊन चुकती करू लागले. आईच्या मशीनमधून पार्ट काढून नेणारा माणूस आपल्याला काय सोडणार, असा त्यांनी विचार केला असावा. त्या वर्षी त्याला एकाही गिऱ्हाइकाच्या मागे लागावं लागलं नाही.

बायको मात्र दुकानात येईनाशी झाली. ती रोज दुपारी सासूकडे जाऊ लागली. स्वयंपाक करायची, औषधं द्यायची, पाठ चोळून द्यायची. सासू तिला दुकानातल्या बाई म्हणायची आणि निघताना तासांचे पैसे हातावर ठेवायची. पहिल्या दिवशी बायको रडली. दुसऱ्या दिवशी तिने पैसे पर्समध्ये टाकले.

“घेतेस?” बिलोबाने विचारलं.

“नाही घेतले तर उद्या दार उघडणार नाहीत,” ती म्हणाली. “तुमच्या घरात दुसरी भाषाच नाही.”

हे ऐकल्यावर बिलोबा एका रविवारी गेला. पेटी न घेता. आईने दार उघडलं, त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“तक्रार नव्हती केली मी.”

“माहीत आहे. सहज आलो.”

“सहज?” तिने हा शब्द असा उच्चारला, जणू कापडात भोक सापडलं. “व्हिजिट चार्ज किती आता तुमचा?”

“आई, असू दे ना.”

“फुकट बसलात तर उद्या उपकार काढाल. किती?”

त्याने आकडा सांगितला. तिने मोजून टेबलावर ठेवले आणि मगच त्याला खुर्ची दिली. तो बसला. दुसऱ्या कंपनीचं मशीन भिंतीवर घरघरत होतं.  शेजारीण दुसरीकडे राहायला जाणार होती, ते आईने सांगितलं. बाजारात नवा दुकानदार आलाय, ते त्याने सांगितलं. एकदा ती म्हणाली, “शर्टाची शिलाई उसवलीय काखेत.” त्याने हात खाली घेतला. थोड्या वेळाने ती म्हणाली, “झाली वेळ,” आणि तो उठला. टेबलावरचे पैसे त्याने खिशात घातले. नाही घातले तर ती पुन्हा येऊ देणार नाही, हे त्याला बायकोने शिकवलं होतं.

मग तो दर रविवारी जाऊ लागला. पैसे घ्यायचा, बसायचा, उठायचा. एखाद्या रविवारी ती बोलायचीही नाही, नुसती त्याच्याकडे बघत बसायची. विकत घेतलेली वस्तू माणूस बघतो तसं. एकदा तिने शर्ट काढायला लावून ती काख शिवून दिली आणि शिलाई त्याच्या व्हिजिट चार्जमधून वळती करून घेतली. घरी येईस्तोवर तो काखेवरून हात फिरवत होता.

ते पैसे ती कुठून आणत होती, हे त्याने कधी विचारलं नाही. शिवणाचं मशीन घरातून दिसेनासं झालं होतं. दादा पाठवत असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

पानगळ सुरू झाली त्या सुमारास एका रविवारी दार अर्धंच उघडलं. साखळी लावलेली.

“आज नका येऊ,” आई म्हणाली. “आज पैसे नाहीत.”

“मग काय झालं?”

“मग काय झालं म्हणजे? नाहीत तर नाहीत.”

“पुढच्या वेळी दे.”

“उधारी मी आयुष्यात केली नाही.”

“आई, मी पैसे मागत नाहीये.” त्याने फटीतून हात घातला. तिच्या पदराला बोटं लागली. “मला नुसतं बसू दे. घटकाभर. काही नको मला.”

तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते काय होतं, हे त्याला पुढे कितीदा आठवूनही ठरवता आलं नाही.

“हे आधी म्हणायचं होतंत,” ती म्हणाली. “बोटं काढा. दार लावायचंय.”

त्याने बोटं काढली.

पुढचा रविवार यायच्या आत दादा येऊन तिला परदेशी घेऊन गेला आणि थंडी संपायच्या आधी ती तिकडेच वारली. फोन दुकानाच्या नंबरावर आला. बिलोबाने उचलला, ऐकलं, बरं म्हणाला. समोर एक गिऱ्हाईक बिल घेऊन उभं होतं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून, ही कशाची म्हणून विचारत. बिलोबाने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. अक्षर त्याचंच होतं, पण आपण कशाचे पैसे लावलेत, ते काही केल्या त्याला सांगता येईना.